अकरावा नियम

"श्वास सोड, बसू. आणि ओरड."

बसूनं सदरा छातीपर्यंत वर धरला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. "कोरे भांडी भांडार, उघडं हाय!"

ओरडला खरा, पण आवाज फाटका आणि कोरडा निघाला. मी बेंबीवरून टेप फिरवली, टोक जुळवलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा जुळवलं.

"किती?" व्यापारी मंडळाचे अध्यक्ष नेमाण्णा मगदूम माझ्या खांद्यावरून डोकावत होते.

"पस्तीस."

"सुरुवातीला?"

"बेचाळीस."

नेमाण्णांनी बोटं मोडून हिशेब केला आणि दोन्ही हात वर केले. "शंभर दिवसांत सात इंच! अरे, वाजवा की! हलगीवाल्याला काय जेवायला बोलावलंय व्हय?"

हलगी कडाडली. माझ्या दुकानापुढच्या फळीवरून बसूला कुणी तरी खांद्यावर घेतलं. तो वरूनच ओरडला, "पाणी द्या रे कुणी तरी!" आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला. मग आणखी एक तांब्या.

बसवराज कोरे म्हणजे आमचा बसू. पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेला. आयुष्यात कधी म्हणून कशात पहिला आला नव्हता. शाळेत चमचा-लिंबूच्या शर्यतीत त्याचं लिंबू घरंगळलं, ते शोधत तो मैदानाच्या कडेला गेला आणि परतला तेव्हा पोत्याची शर्यत सुरू झालेली होती. तिच्यातही तो शेवटचाच आला. असा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी अख्ख्या पेठेत पहिला आला होता. आणि त्याच दिवशी संध्याकाळी, हलगीच्या तालावर नाचणाऱ्या त्याच पेठेसमोर, मी त्याचा पहिला नंबर काढून घेतला. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली.

सगळं सुरू झालं ते मंडळाच्या रौप्यमहोत्सवात. डॉक्टरीणबाई पोतनीस यांचं व्याख्यान ठेवलं होतं. बाई बोलायला रोखठोक. म्हणाल्या, "वजनाचं राहू द्या. पुरुषाची कंबर छत्तीस इंचांच्या आत पाहिजे. त्यापुढं गेली की साखर, रक्तदाब, हृदय, सगळे पाहुणे एकदमच येतात."

सभागृहातल्या साठ-सत्तर माना एकदम माझ्याकडे वळल्या. कारण तासगावच्या त्या पेठेतल्या प्रत्येकाचा खरा आकडा फक्त मला ठाऊक होता. आमच्या धंद्याचा रिवाज असा, की गिऱ्हाइकाची कंबर वाढली तर मोठ्यानं बोलायचं नाही. टेप लावायची, "आहे तेवढीच आहे" म्हणायचं आणि वहीत खरा आकडा लिहायचा. वडिलांनी मला शिवण्याच्या आधी हे शिकवलं होतं. ती वही उघडली असती तर छत्तिसाच्या नियमापुढं क्वचितच कुणाचा टिकाव लागला असता.

लगेच स्पर्धा ठरली. शंभर दिवस, जो जास्तीत जास्त उतरेल तो पहिला. खरं तर वजनाची स्पर्धा घ्यायची होती, पण वजनकाटा कुणाचा वापरायचा यावरून दीड तास भांडण झालं. भुसारवाल्याचा काटा कांदेवाल्याला चालेना, कांदेवाल्याचा सराफाला चालेना. सगळे व्यापारी असल्यानं कुणाच्या काट्यावर कुणाचा विश्वास नव्हता. शेवटी माझ्या टेपवर एकमत झालं आणि मी पंच झालो. नियम मीच लिहिले. नेमाण्णांनी ते न वाचताच खाली झोकदार सही ठोकली.

पोट आत ओढून माप देऊ नये म्हणून मी एक युक्ती काढली. माप घेताना ज्यानं त्यानं आपल्या दुकानाचं नाव घेऊन 'उघडं हाय' असं ओरडायचं. ओरडताना पोट आत धरून दाखवा बघू! पहिल्या मापाच्या दिवशी सकाळी आठ वाजता पेठ अशी दणाणली, की बाजाराला आलेल्या बायका दुकानं खरंच उघडली समजून पिशव्या घेऊन धावल्या.

आणि पहिल्या मापाला आलेले आमचे पहिलवान! सुरुवातीचा आकडा मोठा निघाला तर पुढं कमी दाखवायला बरं, हे सगळ्यांनाच एकदम सुचलं होतं. मिठाईवाला धोंडीराम शेटे आदल्या दिवसापासून बासुंदीवर होता. नेमाण्णा कळशीभर ताक पिऊन आले होते आणि ओरडताना त्यांच्या पोटातून 'डुबुक' असा आवाज आला. सगळ्यांची मापं माझ्या वहीतल्यापेक्षा दोन-दोन इंचांनी वर निघाली. फक्त बसूचं माप खाली निघालं. वहीत चव्वेचाळीस होतं, टेपवर बेचाळीस आलं. तेवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण धोंडीराम त्याच वेळी फळीवरून उतरताना खाली बसला आणि त्याला उठता येईना, तेव्हा आम्ही सगळे हसण्यात गुंतलो.

पहिल्या बक्षिसासाठी बसूनंच आपल्या दुकानातलं भलंमोठं पितळी घंगाळ दिलं होतं. शेवटच्या मापाच्या आदल्या दिवशी त्यानं यंत्रानं त्यावर नावही घालून टाकलं. 'प्रथम क्रमांक, बसवराज कोरे.' निकाल लागायच्या आधीच.

तर त्या दिवशी बाराच्या सुमाराला बसू आणि त्याची बायको शैलावैनी माझ्या दुकानात आले. मिरवणूक पाचला होती. बसूच्या हातात सफारीची पँट होती.

"मास्तर, ही कमरेत बारीक कर. जीपमधे उभं ऱ्हायचंय. नमस्कार करायला दोन्ही हात वर केले आणि ही खाली आली तर?"

माझी बायको मालन काज करता करता फस्सकन हसली. बसूनं स्वतःच माठातून पाणी घेतलं. एक पेला, दुसरा, तिसरा.

"भावजी, तुम्हीच बोला ह्यांना," शैलावैनी म्हणाल्या. "दिवसभर पाणी आन् रातभर मोरी. सा-सा येळा उठत्यात. त्यात मोरीत मुंग्या किती झाल्यात म्हणता! फिनेल टाकलं, हळद टाकली. हटायचं नाव न्हाई."

"अगं, त्योच तर माझा यायाम हाय," बसू म्हणाला. "रात्री सा फेऱ्या. धोंड्या पळतोय मैदानावर, मी पळतोय मोरीकडं!"

दोघी बायका त्याला ओवाळायचं ताट तयार करायला आत गेल्या. बसूनं दाराकडं पाहिलं, काउंटरवर ओणवा झाला आणि माझ्या कानाशी आला.

"एक सांगू? कुणाला बोलायचं न्हाई."

"बोल."

"मी काय केलंच न्हाई रे."

"म्हणजे?"

"म्हंजे काय न्हाई. एक दिवस पळालो न्हाई, एक उपास केला न्हाई. रोज पाव किलो जिलबी खातोय. आन् कुठली? धोंडीरामच्या दुकानातली! पोराला गुपचूप पाठवून आणवतो. लेका, धोंड्या गवतासारखी मेथी खाऊन अडीच इंच उतरला, आन् मी त्याचीच जिलबी खाऊन सात!"

आम्ही दोघं हसलो. असे हसलो, की मला मशीनचा आधार घ्यावा लागला. बसू काउंटरवर डोकं टेकून खिदळत होता, मधेच "जिलबी" म्हणत होता आणि पुन्हा फुटत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते बाहीनं पुसत पुसत मी पँटचं माप लिहायला वही उघडली.

बसूचं पान समोर आलं. अक्षय्य तृतीयेला शेहेचाळीस. गणपतीत चव्वेचाळीस. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी बेचाळीस. आज पस्तीस.

स्पर्धा ठरायच्या आधीपासूनच तो उतरत होता. काही न करता.

माझं हसू आटलं. मी फळीवरच्या जुन्या वह्यांमधली एक वही काढली, त्यातलं एक पान उघडलं, पाहिलं आणि मिटलं.

"बसू, चल."

"कुठं?"

"डॉक्टरीणबाईंकडे. साखर बघून येऊ."

"आत्ता? डोकं फिरलंय काय तुझं?"

"पाणी, मोरी, मुंग्या. आणि काही न करता अकरा इंच कमी. ही देवाची कृपा न्हवं, बसू. मी हे एकदा पाहिलंय."

"आरं, पण मला काय झालंय? आंगात जरा कणकण न्हाई, ताप न्हाई. जरा दमायला होतंय, एवढंच." मग त्यानं माझा हात धरला. "मास्तर, आजचा दिस जाऊ दे. आयुष्यात पैल्यांदा माझी मिरवणूक निघणार हाय. उद्या जाऊ. शप्पत."

माझा हात धरतानाचा त्याचा चेहरा अजून आठवतो. चौथीतल्या पोराचा होता तो चेहरा. मला नाही म्हणवलं नाही. पँट घेतली, शिलाई उसवली, सात इंच कापड आत दाबलं. पण 'उद्या' हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. तो शब्द मी ऐकलेला होता.

पाचला मारुतीच्या देवळापासून मिरवणूक निघाली. उघडी जीप, झेंडूच्या माळा, पुढं हलगी, मागं मंडळ. बसू फेटा बांधून उभा, हातात ते घंगाळ. पंच म्हणून मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि हातात कर्णा होता. बसू दर दहा पावलांना घंगाळ डोक्यावर धरे आणि लोक ओरडत, "कोरे भांडी भांडार!" त्यावर तो म्हणे, "उघडं हाय!" मिठाईवाला धोंडीराम दुसरा आला म्हणून फुगला होता, तोही न राहवून नाचायला लागला. गच्चीवरून बायका फुलं टाकत होत्या. मलाही नाचावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना मधल्या चौकात. तो आला तसा मी ड्रायव्हरचा हात धरला. "थांब." जीप थांबली. मी सीटवर उभा राहिलो आणि कर्णा तोंडाला लावला.

"स्पर्धेचा नियम क्रमांक अकरा!"

हलगी थांबली.

"विजेत्याची साखर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय निकाल पक्का होत नाही. आजारानं उतरलेले इंच धरायचे नाहीत!"

सगळे नेमाण्णांकडे पाहू लागले. नियम दहाच होते. हे मला ठाऊक होतं, कारण ते मीच लिहिले होते. नेमाण्णांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी ते वाचलेच नव्हते. आणि वाचले नव्हते हे भर चौकात कबूल करणारा अध्यक्ष अजून जन्माला यायचा होता.

"हाय की," नेमाण्णा घसा खाकरून म्हणाले. "अकरावा. चांगला ध्यानात हाय माझ्या. मीच घालायला लावला हुता."

"नियम म्हंजे नियम!" धोंडीराम ओरडला. बसू बाद झाला तर पहिला तोच होता.

बसू माझ्याकडे बघत राहिला. घंगाळ त्याच्या छातीशी होतं. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "मिरवणूक तरी पुरी हू द्यायची की रे."

मी त्याला हाताला धरून खाली उतरवलं आणि दवाखान्यात नेलं. मागं हलगी पुन्हा सुरू झाली.

डॉक्टरीणबाईंकडे बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन साखर सांगणारं यंत्र नुकतंच पुण्याहून आलं होतं. फेटा बांधलेला पेशंट पाहून त्या हसल्या. मी पाणी, मोरी, मुंग्या आणि वहीतले आकडे सांगितले तसं त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी बोट टोचलं. यंत्रानं जरा वेळ घेतला. मग आकडा आला.

खिडकीला पंधरा तोंडं चिकटली होती. "किती? किती?"

बसूनं यंत्रात पाहिलं आणि सवयीनं सांगून टाकलं, "चारशे बारा."

"चारशे बारा!" खिडकीतून चौकात आरोळी गेली आणि अख्ख्या चौकानं जल्लोष केला. आकडा ऐकला की ओरडायचं, एवढंच शंभर दिवस शिकले होते ते. टोप्या उडाल्या. हलगीवाल्यानं ताल दुप्पट केला.

डॉक्टरीणबाई पायरीवर आल्या. त्यांनी हात वर केला तशी चौकात शांतता झाली.

"हा आकडा दीडशेच्या आत पाहिजे. यांच्या अंगाला अन्न लागतच नाहीये, सगळी साखर लघवीतून वाहून चाललीय. म्हणून कंबर उतरली, आणि म्हणूनच मोरीत मुंग्या. असेच राहिले असते तर एक दिवस बेशुद्ध पडून आले असते माझ्याकडे. यांना आत्ता सांगलीला दाखल करायचं. गाडी कुठंय?"

गाडी होतीच. झेंडूच्या माळा घातलेली. त्याच जीपमधून बसू फेट्यासकट सांगलीला गेला. शैलावैनी शेजारी बसल्या होत्या, ओवाळायचं ताट अजून त्यांच्या मांडीवर होतं.

इकडे नियम म्हणजे नियम होता. धोंडीराम छाती काढून आत गेला आणि दोनशे साठ घेऊन बाहेर आला. तिसऱ्याचंही तेच. चौथा बसस्टँडकडे पळाला, त्याला दोघांनी धरून आणला. शेवटी घंगाळ मिळालं ते नेमाण्णांना. शंभर दिवसांत पाऊण इंच कमी, साखर एकशे दहा. अजूनही त्यांच्या घरी बसूचं नाव घातलेल्या घंगाळात आंघोळीचं पाणी काढतात. त्या आठवड्यात पेठेतल्या सगळ्यांनी रांग लावून साखर तपासून घेतली, आणि पुढं दरवर्षी रौप्यमहोत्सवाच्या तारखेला अकरावा नियम पाळला जाऊ लागला.

बसू नऊ दिवसांनी घरी आला. सुया घ्यायला शिकला, जिलबी सोडली, सकाळी खरंच चालायला लागला. पण माझ्याशी बोलेना. माझ्या दुकानावरून जाताना मान फिरवून जाई. दसऱ्याला त्यानं कपडे दुसरीकडं शिवायला टाकले. मालन म्हणाली, "अहो, तुम्ही त्याचा जीव वाचवला." मी म्हणालो, "हो. पण त्याला मिरवायचं होतं." मला फार वाईट वाटायचं. चाळीस वर्षांचा दोस्त होता.

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाची फळी पुसत होतो. काउंटरवर धपकन काही तरी पडलं. सफारीची पँट.

"आवळतीया," बसू म्हणाला. माझ्याकडं न बघता.

"काय?"

"कमरंत आवळतीया. ढिली कर. दुसऱ्याकडं न्हेली हुती, तर म्हणतोय आत ह्यवढं कापड कुणी दाबून ठिवलंय."

मी टेप गळ्यातून काढली. "सदरा वर धर. श्वास सोड."

"आन् ओरडू?"

"ओरड."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, आठ महिन्यांनी पहिल्यांदा. मग डोळे मिटले. "कोरे भांडी भांडार, उघडं हाय!" समोरच्या झाडावरची पाखरं उठली. असा भरलेला, ओला, दांडगा आवाज!

साडेसदतीस. गिऱ्हाइकाची कंबर वाढली म्हणून रडणारा शिंपी तासगावात त्या दिवशी पहिल्यांदाच झाला असेल. बसू घाबरला. "आरं, दीड इंच तर जास्त हाय. बाईंनी छत्तीस सांगितलंय. उतरवतो की मी, चालून! रडतोस कशाला?"

तेव्हा मी फळीवरची ती जुनी वही काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. माझ्या वडिलांचं पान. अक्षर माझंच, मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. छत्तीस, चौतीस, एकतीस, एकोणतीस. एका वर्षात त्यांची पँट मी तीनदा बारीक केली होती. दर वेळी ते आरशात बघून खूष व्हायचे, "लग्नात होतो तसा झालो." आई मोरीतल्या मुंग्यांना शिव्या द्यायची. मी दवाखान्यात जाऊ म्हणालो तेव्हा ते म्हणाले होते, उद्या जाऊ. एकोणतीसच्या खाली पान कोरं आहे.

बसूनं बोट ठेवून एकेक आकडा वाचला. मग मालनला हाक मारली, "वैनी, च्या टाका. बिनसाखरेचा. दोन कप."

तो आजही दर वर्षी तुळशीच्या लग्नानंतर माप द्यायला येतो. बहात्तर वर्षांचा झाला तरी पेठ दणाणेल असा ओरडतो. त्याच्या पानावर जागा उरत नाही म्हणून मी आजवर तीनदा खाली कागद चिकटवून पान वाढवलंय.